मामांची रॅले: क्रोमवरचा गंज घरच्या सामानाने काढताना

हँडल खोलून अंगणात आणलं, फडक्याने पुसलं, आणि उजव्या बाजूत मला माझी बोटं दिसली. डावी बाजू मात्र खाणीतल्या ढेकळासारखी तांबडी. नळी एकच, मुलामा एकाच दिवशी चढलेला, सायकलही वर्षानुवर्षं एकाच खोलीत उभी. मग एक बाजू वाचली आणि दुसरी गेली, हे कसं? उत्तर मला अर्धं काम झाल्यावर मिळालं, तेही मामीकडून. ते त्याच्या जागी सांगतो.

सायकल मामांची. मामा मराठी शाळेत मास्तर. गोवा मुक्तीच्या तीन-चार वर्षं आधी त्यांनी ही नॉटिंगहॅमची रॅले म्हापशात घेतली. तेव्हा पोर्तुगीज अमदानीत परदेशी माल आमच्याकडे सहज मिळायचा. चेनच्या चाकात बगळ्यांची डोकी कोरलेली आहेत. लहानपणी आम्ही त्यांना कोंबडे म्हणायचो आणि मामा दर वेळी सुधारायचे. आता त्यांच्या नातवाला ती चालवायची हौस आली आहे. रंगाचं तो बघेल म्हणाला, चमकणारे भाग माझ्या गळ्यात घातले.

माझ्याच गळ्यात का, तर मी डिचोली तालुक्यात एका खाणीच्या वर्कशॉपात फिटर होतो. 2012 साली खाणी बंद पडल्या, तेव्हापासून घरी. आमच्या खाणीतलं खनिज हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. गंज म्हणजेही लोखंडाचं ऑक्साइडच, फक्त पाणी धरून बसलेलं. तीस वर्षं जी वस्तू डोंगरातून उपसली, तीच आता फडक्याने पुसतो आहे.

क्रोम गंजत नाही

हे एवढं डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. गंजतं ते खालचं लोखंड. सायकलीच्या हँडलवर क्रोमचा जो थर असतो तो बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन धरला, तर त्या जाडीत असे शंभराहून जास्त थर बसतील. चमक आणि कडकपणा क्रोमचा, पण लोखंडाची खरी राखण करतो तो त्याच्याखालचा निकेलचा थर. तोही काही मायक्रॉनांचाच.

या थरांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आणि भेगा असतात. तिथून दमट हवा आत गेली की लोखंड गंजायला लागतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो छिद्रातून वर येतो आणि आजूबाजूला पसरतो. वरून बघणाऱ्याला वाटतं सगळा मुलामा खलास झाला. पुष्कळदा तसं नसतं. तांबड्याच्या खाली क्रोम शाबूत असतो, त्यावर नुसता आतून वाहून आलेला गंज बसलेला असतो. हा वरचा गंज काढणं सोपं. छिद्रं मात्र तशीच राहतात, आणि ती बुजवली नाहीत तर पहिल्या पावसात पुन्हा तेच.

म्हणून आधी पारख करा. टॉर्च आडवी धरून बघा. बारीक ठिपके असतील, बोटाला जरा खरखर लागत असेल, तर काम होईल. फोड असेल आणि नखाने त्याचा पापुद्रा उचलत असेल, तर तिथे क्रोम राहिलेला नाही. तिथे जेवढं घासाल तेवढा तो आणखी सुटेल. चमक निळसर असेल तर क्रोम, पिवळट झाक असेल तर नुसतं निकेल. निकेल बरंच मऊ, त्याला हात आणखी हलका. लोहचुंबक लावून बघा. न चिकटला तर खाली लोखंड नाही, आणि मग हा लेख त्या भागासाठी नाही.

एक गोष्ट चमकेपेक्षा महत्त्वाची. हँडल जिथे मधल्या दांड्यात शिरतं, त्या सांध्याजवळ स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. लोखंड आत जात असेल किंवा पोपडे निघत असतील, तर ते हँडल भिंतीवर टांगा. चालत्या सायकलीचं हँडल हातात आलं तर चमकेचा काय उपयोग?

धुवायचं, मग चांदीचा कागद

काम कोरड्या दिवसांत काढा. मी एप्रिल निवडला. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी साफ केलेलं उघडं लोखंड संध्याकाळी पुन्हा तांबूस दिसतं.

पहिल्यांदा साधी धुलाई. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, आणि नारळाच्या सोडणाचा काथ्या. काथ्या क्रोमला ओरखडा पाडत नाही आणि ब्रेकच्या खाचांत ब्रशपेक्षा बरा पोचतो. जुनं ग्रीस असेल तिथे रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवा, मग पुन्हा साबण. हे टाळू नका. धुळीतली वाळू राहिली आणि त्यावरच घासायला बसलात, तर घासकागद लावल्यासारखंच होतं.

आता मुख्य हत्यार: चपात्या गुंडाळायचा अॅल्युमिनियमचा कागद. माझ्या सुनेने मुलाच्या डब्यातले वापरलेले कागद जमवून ठेवले होते, तेही चालतात. फक्त तेलकट असतील तर धुऊन घ्या. चकचकीत बाजू वर की खाली, याचा काही फरक पडत नाही.

तळहाताएवढा तुकडा सैलसर चुरगळा. घट्ट गोळी करू नका, तिला टोकं येतात. साध्या पाण्यात बुडवा आणि गंजावर लहान लहान गोल घासा. दाब किती? झोपलेल्या मुलाचं तोंड पुसावं तेवढा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे कागद झिजतो, क्रोम नाही. झिजताना त्याची बारीक भुकटी होते आणि पाण्यात मिसळून करडा-काळा चिखल तयार होतो. तो चिखलच खरं काम करतो, म्हणून तो लगेच पुसू नका. पंधरा-वीस सेकंद घासा, मग ओल्या फडक्याने पुसा, बघा, पुन्हा घासा. कागद सपाट होऊन गुळगुळीत झाला की नवा घ्या. जागा सतत ओली ठेवा. कोरडं घासलं तर चिखल नुसता चोपडला जातो.

उजवी बाजू मी सकाळच्या चहानंतर घेतली आणि दहाच्या पेजेच्या आत संपवली. शेवटी पांढऱ्या सुती फडक्याने पुसलं तेव्हा फडक्यावर तांबडं काही आलं नाही. फडकं पांढरंच हवं. जुन्या धोतराचा तुकडा सर्वांत उत्तम; रंगीत फडक्यावर गंज राहिला की गेला ते कळत नाही. वर्कशॉपात आम्ही कॉटन वेस्ट वापरायचो, पण त्याचे धागे ब्रेकच्या स्क्रूंत अडकतात.

रिमचं काम कंटाळवाणं आहे, ते लपवत नाही. प्रत्येक तारेच्या बुडाशी गंजाचं कडं असतं. तिथे कागदाची पट्टी घडी करून तारेभोवती घाला आणि बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतो तशी मागेपुढे ओढा. माझी दोन चाकं दोन दिवस चालली. घंटीची वाटी पाच मिनिटांत झाली, आणि घरातल्या सगळ्यांनी कौतुक केलं ते तिचंच.

डावी बाजू, बिंबलं आणि मामीचं मीठ

डाव्या बाजूला कागद हरला. वरचा तांबडा थर गेला, पण खाली काळपट ठिपके घट्ट बसून राहिले. अशा ठिकाणी आंबट लागतं.

आमच्या परसात बिंबलाचं झाड आहे. खोडालाच झुबके लागतात, माशाच्या आमटीत सोलांऐवजी घालतो तीच ही बिंबलं. यांच्या रसात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते लोखंडाच्या गंजाला धरून विरघळवतं. कपड्यावरचा गंजाचा डाग काढायला आमच्याकडे बायका बिंबलंच चोळतात. हिरवी, कडक बिंबलं घ्या. पिकून मऊ झालेल्यांत जोर कमी. उभी चिरून कापलेली बाजू डागावर चोळा, किंवा आठ-दहा ठेचून तो लगदा फडक्यात घालून डागावर पट्टीसारखा बांधा. दर दहा मिनिटांनी उघडून बघा. अर्ध्या तासापलीकडे मी ठेवत नाही. मग लगेच भरपूर पाणी. रस तसाच वाळू दिला तर पिवळट साय धरते आणि ती काढायला पुन्हा घासावं लागतं. हाताला बारीक चीर असेल तर हातमोजे घाला, नाहीतर झोंबेल. डोळ्यांपासून जपा.

बिंबलं नसतील तर व्हिनेगर. आमच्या घरी ते स्वयंपाकात नसतं, म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माडाच्या सुरेचं आणलं. बाटलीतलं पांढरं असेल तरी चालेल. दोन्हीत काम करतं ते अॅसेटिक आम्ल. नट, बोल्ट, वॉशर, घंटीचा पाया असे सुटे तुकडे वाटीत बुडवून ठेवा, पण मुलामा असलेले तुकडे तास-दोन तासांनी तपासा. रात्रभर ठेवू नका. क्रोमला त्याचं काही नाही, पण छिद्रांतून आत शिरून ते खालचं लोखंड खातं आणि मुलाम्याचा आधारच जातो. बैठकीच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, तर आम्लात अजिबात नकोत. कडक पोलाद आम्लाने ठिसूळ होऊ शकतं. कमानींना कागद आणि पाणी एवढंच.

आम्ल कुठलंही असो, शेवटी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा हात फिरवा, म्हणजे उरलासुरला आंबटपणा मरतो. मग स्वच्छ पाणी.

बिंबलं ठेचत होतो तेव्हा मामी ओट्यावर येऊन बसली. वय झालं तरी नजर तीक्ष्ण आहे. म्हणाली, "अरे, चिंच घे आणि वर थोडं खडं मीठ घाल. माझे तांबे बघ कसे लखलखतात."

मी म्हटलं, "मामी, तांब्या-पितळेला ते ठीक. इथे मीठ नको. मीठच लोखंड खातं."

खरंच, ही सवय आपल्याकडे इतकी पक्की आहे की सांगायलाच हवं: चिंच-मीठ, लिंबू-मीठ हे क्रोमला लावू नका. मिठातलं क्लोराइड छिद्रात जाऊन बसतं आणि धुतलं तरी सगळं निघत नाही. वर क्रोम-निकेलचा मोठा पसारा आणि खाली टाचणीच्या टोकाएवढं उघडं लोखंड, अशी विषम जोडी असल्यामुळे गंजाचा सगळा मारा त्या टोकावर पडतो आणि खड्डा खोल जातो. किनाऱ्यावरच्या गाड्या आतल्या गावांपेक्षा लवकर सडतात त्याचं कारण हेच, खारं वारं.

मामी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मीच खाल्ली म्हण की ती. त्या खोलीत तिच्या कुशीला मिठाची गोण असायची."

दर मे महिन्यात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरताना आगरवाड्याच्या मिठागरातलं खडं मीठ गोणीने घरात येई, आणि ती गोण सायकलीच्या डाव्या हाताला, भिंतीशी ठेवली जाई. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांवर गेला की मीठ पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात आमच्याकडे हवा त्याच्या वरच असते. गोण पाझरायची, आणि डावी मूठ तिला टेकलेली. एवढीच त्या डाव्या-उजव्याची गोष्ट.

जे मी एकदा केलं आणि तुम्ही करू नये

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका स्कूटरचा गंजलेला बंपर हाताशी होता. मला घाई. संडास धुवायचं आम्ल ओतलं. फेस आला, गंज गेला, आणि काही मिनिटांत चमकही गेली. खाली पिवळट निकेल उघडं पडलं. ते आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक, आणि मुलामा देणारे कारागीर जुना क्रोम उतरवायला तेच वापरतात. स्कूटर माझ्या साहेबांची होती. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की ते आम्ल आणि कपडे पांढरे करायचं ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

घासकागद नको. भांडी घासायची तारेची घासणीही नको. चांगल्या क्रोमला ती फारसं करणार नाही, पण जिथे निकेल उघडं आहे तिथे रेघा पाडते, आणि तिचे तुटलेले कण खाचेत राहून स्वतःच गंजतात. मग नवा डाग, आणि तुम्हाला वाटतं जुनाच परत आला. राख आणि विटेची भुकटी भांड्यांसाठी राहू द्या. कोलाच्या पेयाबद्दल लोक फार सांगतात. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, थोडंफार काम होतं, पण हात चिकट, फडकं चिकट, आणि अंगणभर मुंग्या. बिंबलं फुकट असताना मी बाटलीला पैसे घालणार नाही.

मुलामा पूर्ण सुटला असेल तर तो नव्याने चढवणाऱ्याकडे द्या. घरी क्रोम चढवायचे खटाटोप करू नका. त्या कामातली क्रोमियमची संयुगं भयंकर विषारी असतात.

छिद्रं बुजवा

इथे बहुतेक जण थांबतात. चमक दिसली की सायकल बाहेर काढतात आणि मृगाच्या पावसात पुन्हा ठिपके येतात.

धुतलेला भाग पुसून निदान दोन-तीन तास कडक उन्हात ठेवा. हँडल उभं करून ठेवा म्हणजे नळीतलं पाणी निथळेल. आतून दोन चमचे इंजिन ऑइल सोडून नळी फिरवा; आतून कोणी बघत नाही, आणि गंज तिथूनच आरामात वाढतो. बाहेरून शेवटची झळाळी हवी असेल तर पांढरी टूथपेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन हलका हात फिरवा आणि धुवा.

मग मेण. गाडीचं पॉलिश मेण असेल तर उत्तम. नसेल तर साधी मेणबत्ती किसून झाकणाच्या बाटलीत टर्पेंटाइनमध्ये दोन दिवस ठेवा, अधूनमधून हलवा. गरम करू नका, चुलीजवळ नेऊ नका, ते पेट घेतं. मऊ लोण्यासारखं झालं की भाग उन्हात कोमट झालेला असताना बोटाने चोळा, वाळू द्या, आणि कोरड्या फडक्याने पुसा. मेण छिद्रांत राहतं, वरचं जादा निघतं. एका आठवड्याने दुसरा हात. खोबरेल तेल लावलं तर चार दिवस छान दिसतं, मग ते धूळ धरतं आणि खवट वास येतो. वर्षभर न हलणाऱ्या भागांना व्हॅसलिन चालेल.

आणि हे नीट वाचा: या जुन्या सायकलींना सळईचे ब्रेक असतात. त्यांचे रबर रिमच्या आतल्या अंगाला, आसाकडच्या बाजूला दाबतात. त्या पट्ट्यावर मेण, तेल, व्हॅसलिन काहीही लावायचं नाही. चुकून लागलं तर साबणाने दोनदा धुवा. आमच्या नातवाला साखळी गावचा चढ चढायचा नाही, उतरायचाच जास्त आहे, आणि उतारावर ब्रेक न लागलेली सायकल मेणाने चमकत असली तरी गटारातच जाते.

डाव्या मुठीपाशी दोन बोटं रुंद जागा काळीच राहिली. तिथे क्रोम नव्हताच. तिला मी गंज काढून, सोडा लावून, वाळवून नुसतं मेण दिलं. चंदेरी रंग फासला नाही. नातू म्हणाला, वर रबरी मूठ चढवली की झाकेल. अर्धी झाकली, अर्धी दिसते.

मे महिन्याच्या शेवटी मामीकडे यंदाचं मीठ आलं. गोण मी स्वतः उचलून न्हाणीशेजारच्या खोपीत, लाकडी पाटावर ठेवली. सायकल आता पुढच्या बलकांवात, म्हणजे ओसरीत, उभी असते, प्लास्टिकचं आच्छादन न घालता, कारण त्याच्याखाली दमट हवा कोंडते. सुती चादर टाकतो. पंधरा दिवसांनी एकदा कोरडं फडकं, आणि चवथीच्या आधी मेणाचा आणखी एक हात.